पहिला शब्द ‘हाय’

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर ‘वाचा व श्रवण उपचार केंद्र’ असं लिहिलं आहे. पाटी लागली त्याच आठवड्यात एक आजोबा जिना चढून वर आले, खुर्चीत टेकून दम घेतला, खिशातून चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवून म्हणाले, “हं, द्या. काय वाचायचं?”

मी म्हटलं, “आजोबा, इथं वाचायचं काही नाही.”

“मंग खाली ‘वाचा’ कशापाई लिवलंय?”

वाचा म्हणजे वाणी, म्हणजे बोलणं, असं मी त्यांना समजावलं. ज्यांना बोलायला किंवा ऐकायला अडचण आहे, त्यांच्यासाठी ही जागा आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा परत खिशात ठेवला आणि उठता उठता सल्ला दिला, “मंग ‘बोला’ लिवा की! ‘वाचा’ म्हनता आन् वाचायला काय देत न्हाई.”

आजोबांचं बरोबर होतं. पाटी बदलायची राहून गेली ती अजून राहिलीच आहे. लोकांनी मात्र आपल्यापुरती ती बदलून टाकली. नगरमध्ये कुणी माझा पत्ता विचारला तर रिक्षावाले सांगतात, “त्या बोलायच्या बाई ना? मेडिकलच्या वर.” पदवीच्या कागदावर माझ्या धंद्याचं जे लांबलचक नाव छापलं आहे, त्यापेक्षा मला हे जास्त आवडतं.

दिवाळी अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं साधारण निवृत्त असतात. मी अजून तिशीच्या आसपास घुटमळते आहे. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी दोन-अडीच वर्षांची असतात, त्यांच्या मानानं मी चांगलीच म्हातारी आहे. शिवाय ती स्वतः काही लिहिणार नाहीत. तेव्हा त्यांच्या वतीनं कुणीतरी लिहायला हवं.

वतीनं लिहिण्याची सवय मला घरातून लागली. माझे अण्णा नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या घरात पाटावर जेवायचं ताट आणि शेजारी पत्रकांचा गठ्ठा, असं दृश्य रोजचं. मी अक्षरं त्यावरूनच शिकले. बाकीच्या मुलांचा ‘क’ कमळाचा होता, माझा कामगारांचा होता. ‘ज’ जाहीर निषेधाचा. घरचे सांगतात, की मी फार लवकर आणि फार मोठ्यानं बोलायला लागले. ते अजून थांबलेलं नाही.

आता काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं, मी मुलांच्या जिभेला काहीतरी करते. बरेच जण येतानाच सांगतात, “मॅडम, जिभेखालची तार तेवढी कापून टाका.” तार बहुधा अगदी ठीक असते. त्याआधी वेखंड उगाळून चाटवलेलं असतं, आणि पोपटानं अर्धवट खाल्लेला पेरूही भरवून झालेला असतो. एकदा कोपरगावकडचे एक आजोबा असा पेरू रुमालात बांधून थेट दवाखान्यातच घेऊन आले. माझ्यासमोर भरवला तर गुण जास्त येईल, असा त्यांचा हिशेब. मी विचारलं, “आजोबा, पोपट स्वतः कुणाचा उष्टा पेरू खाऊन बोलायला लागला?” त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “पोरी, तू लई शिकलीस,” एवढंच म्हणाले. पेरू आम्ही धुऊन घेतला आणि वाटून खाल्ला.

आई-बापांची सुरुवातीची वाक्यंही मला पाठ झाली आहेत. आई म्हणते, “कळतं सगळं हो त्याला, फक्त बोलत नाही.” बाप म्हणतो, “मीसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो.” एका बाईंनी त्यावर नवऱ्याकडे न बघता पुस्ती जोडली, “आता तरी कुठं बोलताय?”

हसायला येतं, पण याच वाक्यावर माझा राग आहे. ‘बापही उशिरा बोलला’ या वाक्यानं जितकी मुलं अडकवून ठेवली आहेत, तितकी कुठल्या आजारानं ठेवली नसतील. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि गाडी पकडतात. पण यातली कुठली गाडी पकडतील आणि कुठली फलाटावरच राहतील, हे घरबसल्या कुणाला सांगता येत नाही. म्हणून तपासायचं. आणि सगळ्यात आधी कान तपासायचे. मूल हाक मारल्यावर वळतं, एवढ्यावरून ऐकू येतं असं समजू नये. ते सावली बघून वळतं, जमिनीचा हादरा कळून वळतं.

पाथर्डीच्या पलीकडची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा शाळेत जायच्या वयाची झाली होती. गोड, हुशार, डोळ्यांनीच सगळं ओळखणारी. तिचे आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि ती त्यांच्याबरोबर. गावात तपासणीचं शिबिर व्हायचं ते नेमकं हिवाळ्यात, म्हणजे अर्धं गाव फडावर असताना. शिबिराचा मांडव गावात आणि पोरं उसाच्या पाल्यात. तिला ऐकू फार कमी येत होतं. कानाला मशीन लावल्यावर ती पहिल्यांदा दचकली, मग स्वतःच्याच बांगड्या वाजवत बसली. आज ती बोलते, तुटक बोलते, भांडतेही. पण भाषेचा जो पहिला ओला काळ असतो, तो तिचा कोरडा गेला, आणि तो मला परत आणून देता आला नाही. शिबिरं फडावर न्या, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते आहे. इथंही सांगितलं.

या रागातून मी एक पत्रक लिहिलं होतं. दुडदुड चालणाऱ्या सगळ्या मुलांची एक संघटना आहे असं कल्पून, त्यांच्या मागण्या. आमच्याशी बोलताना मोबाईलकडे न बघता आमच्याकडे बघा. आम्ही ज्याच्याकडे बघतो आहोत त्याबद्दल बोला. बोलून झालं की थांबा, आम्हाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ‘हे काय आहे? ते काय आहे?’ अशा रोजच्या तोंडी परीक्षा ताबडतोब बंद करा. अण्णांना दाखवलं. त्यांनी लाल पेन काढला, वाचलं आणि म्हणाले, “शेवटी इशारा कुठंय? इशाऱ्याशिवाय पत्रक म्हणजे लग्नपत्रिका.” मग त्यांनीच खाली लिहिलं: ‘मागण्या मान्य न झाल्यास आम्ही बेमुदत मौन पाळू.’

आता ज्या मौनाची गोष्ट मला सांगायची आहे, तिकडे येते.

शनिवारी मी सोनईला जाते. तिथल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मागची खोली मला दिलेली आहे. तिथं एक सतरंजी आणि खेळण्यांची पत्र्याची पेटी आहे. त्या खोलीत एका शनिवारी शौर्य आला. वय अडीच वर्षं, कपाळावर काळी तीट, हातात चमचा. त्याची आई प्रियंका, इस्त्रीचा ड्रेस आणि बोलणंही तितकंच इस्त्री केलेलं. बाप सागर, गावात खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा, मोकळाढाकळा माणूस. शौर्यची आजी बाहेर बाकावर बसून राहिली. सगळं घर तिला जिजी म्हणतं.

“जिजींनाही आत बोलवा ना,” मी म्हटलं.

“त्या बाहेरच बऱ्या,” प्रियंका म्हणाली. मग मुलाकडे वळून, “शौर्य बेटा, से हाय टू मॅडम. हाय कर.”

शौर्यनं पंख्याकडे बघितलं. नंतर माझ्यावरून नजर फिरवून तो थेट पेटीकडे गेला, झाकण उचललं, आत खेळणी बघितली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “हाय!”

“बघा!” प्रियंका एकदम फुलली. “हा एकच शब्द येतो त्याला. मोबाईलवर शिकला. सगळ्यांना हाय करतो. म्हणजे माणसांना कमी करतो, वस्तूंना जास्त. दुधाच्या किटलीचं झाकण काढून हाय करतो. चपलांना हाय करतो.”

“मॅनर्स आहेत त्याला,” सागर गंभीरपणे म्हणाला.

मी लिहून घेतलं आणि पुढचं विचारत गेले. तालुक्याच्या एका इंग्रजी नर्सरीत जूनमध्ये शौर्यला घालायचं होतं. तिथल्या कुणीतरी प्रियंकाला बजावलं होतं, की घरात फक्त इंग्लिश बोला, फार तर शुद्ध मराठी. गावठी शब्द कानावर पडले तर मूल गोंधळतं. प्रियंकानं ते मनावर घेतलं. घरात नियम झाला. सागरनं शौर्यशी मोजून-मापून बोलायचं आणि जिजींनी बोलायचंच नाही. मुलाला घ्यावं, न्हाऊ-माखू घालावं, भरवावं, पण तोंड बंद ठेवून. प्रियंका स्वतः दिवसभर चित्रांची पुस्तकं घेऊन बसे: ॲपल, बॉल, कॅट. सांग बेटा, ॲपल. सांग ना. तरी पोरगं बोलेना. तेव्हा तिनं ठरवलं, की मागं कधीतरी पडलेलं गावठी बोलणं त्याच्या डोक्यात अजून अडकलं असणार. जिजींना काही दिवस कोपरगावला प्रियंकाच्या नणंदेकडे पाठवायचं घाटत होतं.

म्हणजे डाव स्पष्ट होता. शौर्यचं बोलणं एकीकडे आणि जिजींचं त्या घरात राहणं दुसरीकडे. माझ्या उत्तरावर दोन्ही टांगलेलं.

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आधी कान. त्यांना नगरला बोलावलं, तपासणी केली, कान उत्तम निघाले. बाकीचंही पाहिलं. शौर्य बोटानं दाखवत होता, डोळ्यात बघत होता, माझा फोन पळवून तो कानाला लावत होता. शब्द मात्र वयाच्या मानानं खूपच मागे होते. काळजी करण्यासारखं होतं, घाबरण्यासारखं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी डब्याचा खेळ काढला. हा आमच्या धंद्यातला साधा खेळ. एका डब्यात चेंडू टाकायचा, झाकण लावायचं, खुळखुळ वाजवायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा. मी विचारलं, “चेंडू आहे का?” शौर्यनं झाकण उघडलं. “हाय.”

प्रियंका हसली. “बघा, बॉललाही हाय केलं.”

मी डबा घेतला, चेंडू गुपचूप ओढणीत लपवला, झाकण लावून परत दिला. त्यानं हलवून बघितला. आवाज नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली. झाकण उघडलं, आत हात घातला, तळवा माझ्यापुढे पालथा-उताणा करून म्हणाला, “न्याई.”

मी चमचा टाकला. “हाय.” काढून घेतला. “न्याई.” बापाची किल्ली टाकली. “हाय!”

“प्रियंकाताई,” मी म्हटलं, “हा कुणाला नमस्कार करत नाहीये. हा ‘आहे’ म्हणतोय.”

मग सागरनं मांडीवर थाप मारली. “आयला! हाय! आपलं हाय!” तो इतक्या जोरात हसला, की बाहेरच्या पेशंटनी दारातून डोकावलं. “आन् आमी आपलं सगळ्या सोनईला सांगत सुटलो, पोरगं इंग्लिश बोलतंय!”

प्रियंकाचा चेहरा लाल झाला. “पण घरात असं कुणी बोलतच नाही!”

सागर हसायचा थांबला आणि दाराकडे बघायला लागला. दारात जिजी येऊन उभ्या होत्या.

“म्या न्हाई बाई,” त्या मला म्हणाल्या. “म्या पोराशी येक शब्द बोलत न्हाई. सूनबाईनी सांगितलंय, ते पाळते. म्या आपली म्हशीशी बोलते.”

“म्हशीशी?”

“म्हशीशी बोलायला मनाई न्हाई ना? पोरगं काखंला असतं, ते असतं. म्या त्याच्याकडं बघत बी न्हाई.”

“काय बोलता म्हशीशी?”

“काय बोलनार! चारा हाय का गं? हाय. पानी हाय का? न्हाई? थांब, आनते.”

एवढं ऐकल्याबरोबर शौर्य आनंदानं ओरडला, “म्मॉं!”

मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर मी मघाच्या पत्रकात ज्या मागण्या घातल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा त्या गोठ्यात मान्य झालेल्या होत्या. लहान वाक्यं, समोर दिसणाऱ्या वस्तूबद्दल, रोज तीच तीच. आणि म्हैस काही उत्तर देत नसल्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर आपोआप थोडी मोकळी जागा. त्या जागेत शौर्यनं आपले दोन शब्द बसवले होते. जिजींच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. त्यांना फक्त गप्प बसवत नव्हतं.

मी प्रियंकाला सांगितलं, की घरात जी भाषा खरोखर बोलली जाते, तिच्यावरच मुलाची पहिली मांड बसते. ती पक्की झाली की त्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी, हवी तितकी चढवा. मूल दोन भाषांनी गोंधळत नाही. घरातली सगळी माणसं जपून जपून, अडखळत बोलायला लागली, की ते गोंधळतं. आणि आहे, हाय, आय, काहीही म्हणू दे, त्याला ‘असणं’ आणि ‘नसणं’ या दोन गोष्टी शब्दात पकडता आल्या आहेत. ॲपल, बॉल, कॅटच्या कितीतरी पुढची मजल आहे ही.

तिनं सागरला आणि जिजींना बाहेर जायला सांगितलं. दार लोटून घेतलं.

“मॅडम, मी कुठली माहितीये? पाथर्डीच्या बाजूची. नगरला कॉलेजला आले, होस्टेलवर पहिल्याच दिवशी मेसमध्ये म्हणाले, ‘मला न्हाई पायजे.’ झालं. तीन वर्षं माझं नाव ‘न्हाई’. हजेरीला उभी राहिले की मागून आवाज यायचा, ‘हाय का न्हाई?’ सगळा वर्ग हसायचा. सरसुद्धा. मी आरशासमोर उभी राहून बोलणं धुतलंय मॅडम, घासून घासून.” तिनं शौर्यच्या तोंडावरची लाळ पुसली. “त्याला ते नको.”

माझ्या तोंडात पत्रकाचं पत्रक तयार होतं. त्या वर्गाचा, त्या हसणाऱ्या सरांचा जाहीर निषेध. ज्या बोलीत या जिल्ह्यातली माणसं शेतं कसतात, हजारो टन ऊस तोडतात आणि पोरं वाढवतात, तिची लाज वाटायला लावणाऱ्या प्रत्येक शाळेचा, प्रत्येक बाकाचा निषेध. त्यातलं बरंचसं मी बोललेही. शेवटी म्हटलं, “ताई, त्याच्याकडे आत्ता दोनच शब्द आहेत. तेवढे तरी काढून घेऊ नका.”

ती उठली. “तुमचं म्हणणं पटतं मॅडम. पण वर्गात त्याला उभं राहायचंय, तुम्हाला नाही.”

दोन दिवसांनी सागरचा फोन आला, की जिजींना कोपरगावला सोडून आलो. ‘जून होईपर्यंत’ असं ठरलं होतं.

मी घरी धुमसत होते. अण्णा निवृत्त झाले आहेत, पण लाल पेन अजून खिशाला असतो. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, याच्यावर आता खणखणीत लिहिते. त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला. “पत्रक कारखान्याच्या गेटवर वाटतात. कुणाच्या उंबऱ्यावर नाही. तुला त्या बाईला हरवायचंय का तिला पोराशी बोलतं करायचंय?”

मी म्हटलं, “दोन्ही.”

“एकच मिळेल,” अण्णा म्हणाले.

पुढच्या शनिवारी प्रियंका आली. मला वाटलं होतं येणार नाही, पण ती वेळेवर आली, एकटी, शौर्यला घेऊन. तिचा ड्रेस चुरगळलेला होता. मी डबा काढला. शौर्यनं तो हातात घेतला, उघडला, चेंडूकडे बघितलं आणि डबा खाली ठेवून दिला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. एक शब्द नाही.

“आठवडाभर असंच आहे,” ती म्हणाली. “हाय पण गेलं. किटली उघडतो आणि नुसता बघतो. मी म्हणते, बेटा, मिल्क. तो माझ्याकडे बघतच नाही.” तिचा आवाज फाटला. “आता इंग्लिशही नाही, मराठीही नाही, आणि ते... तेही नाही.”

अण्णांनी सांगितलेलं मनात नसतं, तर मी तिथं ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ नक्की म्हटलं असतं. जिभेवर आलेलं मी गिळलं.

“घरी अभ्यास देते,” मी म्हटलं. “ॲपल-बॉल बंद. त्याला काहीही शिकवायचं नाही. रोज त्याला काखेला घ्या, गोठ्यात जा आणि म्हशीशी बोला.”

“मी?”

“हो.”

“म्हशीशी काय बोलू?”

“जे सुचेल ते. जसं सुचेल तसं. म्हशीला कॉलेजचं काही माहीत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, खळखळून हसली. डोळ्यातलं पाणी पुसायलाही विसरली.

तिचा फोन आला तेव्हा मी नगरच्या दवाखान्यात होते, समोर एक पेशंट बसलेला. सहसा मी फोन घेत नाही. नाव बघून घेतला.

“मॅडम! दोन शब्द! जोडून! जोडूनच म्हणाला!”

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल सुटे शब्द बोलतं तेव्हा आम्ही खूश होतो. पण आम्ही खरी वाट बघतो ती दोन शब्द शेजारी शेजारी ठेवण्याची. ‘दूध दे’, ‘बाबा गेला’. तिथून वाक्य सुरू होतं. पाठ केलेलं नव्हे, स्वतः जुळवलेलं.

“काय म्हणाला? सावकाश सांगा.”

“मी गोठ्यात गेले, तुम्ही सांगितलंत तसं. काही सुचेना. सागर हसतोय ओसरीवरून. मी म्हटलं, काय गं, चारा आहे का? म्हैस बघते माझ्याकडं परक्यासारखी. मग जिजी जिथं बसतात ना, तो दगड आहे, त्याच्याकडं शौर्यनं बघितलं. हात असा केला. आणि म्हणाला, ‘जिजी न्याई.’”

तिकडे पाठीमागे म्हैस हंबरली.

“मॅडम, ऐकताय ना?”

“ऐकतेय. मग तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“मी म्हनलं, ‘व्हय रं माज्या राजा, न्हाई. आनू आपन तिला.’”

तिचे सगळे ‘ण’ गेले होते. मागून सागरनं गाडीला किक मारल्याचा आवाज आला. संध्याकाळच्या आत कोपरगाव गाठायचं तर निघायला हवंच होतं.

यापुढे शौर्य घडाघडा बोलू लागला, असं लिहिलं तर गोष्ट छान दिसेल, पण ती थाप होईल. त्याला बरेच महिने यावं लागलं. जूनची नर्सरी त्या वर्षी हुकली. काही शब्द यायचे, काही रुसायचे. ॲपल पुढे आलंच, पण ‘आपल’ होऊन, आणि त्याचा अर्थ त्यानं ‘आपलं’ असा लावून घेतला. दिसेल ती वस्तू छातीशी धरून ‘आपल!’ म्हणायचा. सागरनं ते सगळ्या सोनईला सांगितलं. प्रियंकानं त्याच्याशी तीन भाषांत बोलायला सुरुवात केली. एक सासूची, एक स्वतःची धुतलेली आणि एक पुस्तकातली. पोराला तिन्ही चालल्या. वर्गात त्याला कुणी हसणार नाही, असं वचन मी तिला देऊ शकले नाही, अजूनही देऊ शकत नाही. ते वचन द्यायची जबाबदारी शाळांची आहे, आणि ती त्यांनी घ्यावी, म्हणून तर हे लिहिते आहे.

पण जिजी परत आल्या त्यानंतरचा शनिवार मला सांगायचाच आहे.

चौघेही आले. जिजी या वेळी बाहेरच्या बाकावर थांबल्या नाहीत. आत सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून बसल्या. मी पेटीतून डबा काढायला गेले तर शौर्यनं तो बाजूला सारला. त्याला माझी काही गरज नव्हती. तो जिजींपुढे गेला, त्यांचा पदर दोन्ही हातांनी पकडला, ओढून त्यांच्या तोंडावरून खाली पार गुडघ्यापर्यंत आणला आणि आमच्याकडे वळून, अगदी दुःखी चेहरा करून म्हणाला, “जिजी न्याई.”

त्यानं तळवे पालथे-उताणे करून दाखवले. ओठांचे कोपरे थरथरत होते. हसू दाबत होता लबाड.

नसलेल्या गोष्टीला मूल ‘नाही’ म्हणतं तेव्हा ते खबर देत असतं. असलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणून आपली गंमत बघत उभं राहतं, तेव्हा शब्द त्याच्या मालकीचे झालेले असतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी प्रियंका सरसावली.

“अगं बाई! गेल्या कुठं जिजी?” ती सतरंजी उचलून बघायला लागली. सागरनं दारामागे बघितलं. मी खेळण्यांची पेटी उपसली. शौर्य मध्यभागी उभा राहून उड्या मारत होता. “न्याई! न्याई!”

पदराखालून जिजींचा गुदमरलेला आवाज आला, “अवं, उकडतंय लई. किती येळ बसू अशी?”

“गप ऱ्हावा जिजी,” प्रियंका दटावून म्हणाली, “तुमी अजून न्हाई!”